रेस्क्यूमधून पग, शिह त्झू किंवा पॉमेरियन दत्तक घ्यायचाय? आधी या गोष्टी माहिती करून घ्या

'पग, मादी, वय अंदाजे ६ वर्षं, स्वभाव शांत, लसीकरण झालंय, प्रेमळ घर हवंय. कृपया शेअर करा.'

अशी पोस्ट तुमच्या फीडमध्ये किंवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकदा तरी आलीच असेल. खाली कमेंटचा पाऊस. कुणी हार्टचे इमोजी टाकतं, कुणी 'इंटरेस्टेड, डीएम केलाय' लिहितं. आणि एखादा हमखास विचारतो, 'एवढ्या महागड्या ब्रीडचा कुत्रा फुकट कसा काय मिळतोय? काहीतरी गडबड असणार.'

प्रश्न रास्त आहे. दुकानात पैसे मोजून मिळणारा कुत्रा रेस्क्यू संस्थेकडे का येतो, तो घरी आणायचा तर काय करावं लागतं, आणि आणल्यावर नेमकं काय वाट्याला येतं, हे सगळं एकेक करून बघूया.

ब्रीडचा कुत्रा रेस्क्यूमध्ये येतोच कसा?

पहिलं कारण म्हणजे हौस. एखादी ब्रीड अचानक 'फेमस' होते आणि घरोघरी तिची पिल्लं येतात. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातला टफी सगळ्यांना हवासा वाटला. २००३ मध्ये हचच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे फिरणारा पग दिसला आणि कित्येकांना त्या कुत्र्याचं नावच 'हचवाला कुत्रा' म्हणून माहीत झालं. मागणी वाढली की पिल्लांचा धंदा वाढतो. पण कुत्रा १२ ते १५ वर्षं जगतो आणि हौस अनेकदा सहा महिन्यांत संपते.

मग कारणं सुरू होतात. बदली झाली, घरात बाळ आलं, नव्या घरमालकाला चालत नाही, घरातल्या कुणाला अ‍ॅलर्जी आहे. काही कारणं खरी असतात. आजी-आजोबा वारले आणि त्यांच्या कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही, अशीही प्रकरणं येतात. काही लोक मात्र कुत्रा आजारी पडला, उपचाराचं बिल वाढलं, की त्याला हायवेवर किंवा एखाद्या संस्थेच्या दारात बांधून निघून जातात. मार्च २०२० मध्ये पाळीव प्राण्यांमुळे कोरोना पसरतो अशी अफवा उठली, तेव्हाही लोकांनी चांगले धडधाकट कुत्रे रस्त्यावर सोडले होते.

दुसरं कारण ब्रीडिंग. बेकायदा ब्रीडर लहान जागेत, पिंजऱ्यात माद्या ठेवतात आणि त्यांच्याकडून पुन्हा पुन्हा पिल्लं घेतात. मादी थकली, आजारी पडली किंवा पिल्लं कमी द्यायला लागली की धंद्याच्या हिशोबात ती निरुपयोगी ठरते आणि तिला सोडून दिलं जातं. त्या पोस्टमधली सहा वर्षांची शांत मादी कदाचित अशाच ठिकाणाहून आलेली असते.

तिसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. बीगल या छोट्या, लांब कानांच्या कुत्र्यांचा वापर औषधांच्या चाचण्यांसाठी प्रयोगशाळेत होतो. २०१६ मध्ये बंगळुरूमधल्या एका प्रयोगशाळेतून १५० हून अधिक बीगल बाहेर आले आणि तिथल्या 'क्युपा' या संस्थेने त्यांना घरं शोधून दिली. यातल्या अनेक कुत्र्यांनी तोपर्यंत गवतावर पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे. त्याच्या कलम ११ नुसार, उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत प्राण्याला सोडून देणं हा गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. साठच्या दशकातली ही रक्कम आजच्या वडापावच्या हिशोबात मोजावी लागते. त्यामुळे कायद्याची भीती जवळपास शून्य.

ब्रीडिंगसाठी २०१७ मध्ये केंद्र सरकारने वेगळे नियम आणले. त्यानुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं सक्तीचं आहे. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. मादी किमान १८ महिन्यांची हवी आणि आठ वर्षांनंतर तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत. तिच्या आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं घ्यायची नाहीत. विकायच्या पिल्लांना मायक्रोचिप बसवायची. नियम चांगले आहेत, पण इन्स्टाग्रामवर 'पप्स अव्हेलेबल' म्हणत विक्री करणारे किती जण नोंदणी क्रमांक दाखवतात, हे एकदा विचारून बघा.

म्हणूनच रेस्क्यू संस्था सांगतात की एक कुत्रा दत्तक घेतला की एका कुत्र्याला घर मिळतंच, शिवाय एक पिल्लू कमी विकलं जातं.

संस्था कशी शोधायची आणि फसवणूक कशी ओळखायची?

शहरात शोध तुलनेनं सोपा आहे. मुंबईत 'वर्ल्ड फॉर ऑल'सारख्या संस्था दत्तक मेळावे भरवतात. पुण्यात 'रेस्क्यू चॅरिटेबल ट्रस्ट' मुख्यतः जखमी आणि आजारी भटक्या प्राण्यांवर काम करते, तिथूनही प्राणी दत्तक दिले जातात. याशिवाय जवळपास प्रत्येक शहरात चार-पाच जणांचे छोटे गट असतात. त्यांच्याकडे स्वतःचा शेल्टर नसतो. ते कुत्र्याला कुणाच्या तरी घरी तात्पुरतं ठेवतात, त्याला 'फोस्टर' म्हणतात. छोट्या ब्रीडचे कुत्रे शेल्टरच्या गोंगाटात टिकत नाहीत, म्हणून ते बहुतेक वेळा फोस्टरच्या घरीच असतात. तुमच्यासाठी ही चांगली गोष्ट आहे. कुत्रा घरात कसा वागतो, रात्री झोपतो का, लहान मुलांना बघून घाबरतो का, हे फोस्टरला अचूक माहीत असतं. शक्य असेल तर थेट त्यांच्याशीच बोला.

गावात किंवा छोट्या शहरात असाल तर जवळच्या पशुवैद्याला सांगून ठेवा. कुणाला कुत्रा द्यायचा आहे, हे सगळ्यात आधी त्यांना कळतं.

आता फसवणुकीबद्दल. 'शिह त्झू पिल्लू मोफत, फक्त कार्गोचा खर्च पाठवा' ही पोस्ट दिसली की सावध व्हा. पैसे पाठवल्यावर 'विम्याचे अजून थोडे', 'विमानतळावर अडकलंय, थोडे अजून' असं सुरू होतं आणि शेवटी नंबर बंद. दुसरा प्रकार म्हणजे दत्तक या नावाखाली विक्री. खरी संस्था ओळखायच्या खुणा साध्या आहेत.

• कुत्रा प्रत्यक्ष भेटवतात. लांब असेल तर व्हिडिओ कॉलवर दाखवतात.
• लसीकरणाचं पुस्तक आणि उपचारांचे कागद देतात.
• शुल्क असेल तर ते लस, नसबंदी किंवा उपचाराचं असतं, आधी सांगितलेलं असतं आणि त्याची पावती मिळते.
• कुत्र्याचे दोष लपवत नाहीत. 'डावा डोळा अधू आहे', 'एकटा राहिला की भुंकतो' असं आधीच सांगणारी संस्था जास्त भरवशाची.
• तुम्हाला भरपूर प्रश्न विचारतात. एकही प्रश्न न विचारता 'कधी घेऊन जाताय?' म्हणणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं.

एक गोष्ट मात्र मिळणार नाही, ती म्हणजे केनेल क्लबचं वंशावळीचं सर्टिफिकेट. रेस्क्यूमधल्या कुत्र्याची ब्रीड बहुतेकदा बघूनच ठरवलेली असते. आपल्याकडे ज्याला सरसकट 'पॉमेरियन' म्हणतात तो बऱ्याचदा इंडियन स्पिट्झ असतो, आपला टफीही स्पिट्झच. कागद हवाच असेल, तर आपल्याला कुत्रा हवाय की ब्रीड, हे आधी स्वतःला विचारायला हवं.

एवढा मोठा फॉर्म कशासाठी?

'कुत्रा घ्यायचाय की नोकरीचा इंटरव्ह्यू द्यायचाय?' अशी तक्रार अनेक जण करतात. घर स्वतःचं की भाड्याचं, घरात किती माणसं, कुत्रा दिवसभर किती तास एकटा राहील, गावाला गेल्यावर कोण बघेल, आधी पाळलेल्या कुत्र्याचं काय झालं, असे प्रश्न असतात. काही संस्था घर बघायला येतात किंवा व्हिडिओ कॉलवर घर दाखवायला सांगतात.

यामागे अनुभव असतो. बाल्कनीच्या गजांमधून छोटा कुत्रा सहज खाली पडू शकतो, म्हणून जाळी आहे का ते बघतात. घरातल्या एकाला हवाय आणि बाकीच्यांना नको असेल, तर कुत्रा महिनाभरात परत येतो, म्हणून सगळ्यांशी बोलतात. कुणाला वाढदिवसाचं सरप्राइज म्हणून द्यायचा असेल तर सरळ नाही म्हणतात. आणि ब्रीडच्या कुत्र्याबाबत सगळ्यात मोठा धोका असतो तो दत्तकाच्या नावाखाली मादी नेऊन पुन्हा पिल्लं काढणाऱ्यांचा. म्हणून बहुतेक संस्था नसबंदी करूनच कुत्रा देतात, किंवा पिल्लू असेल तर ठरावीक वयात नसबंदी करायची अट करारात लिहितात. 'मेटिंगसाठी मादी पाहिजे' असं चुकून जरी बोललात, तरी विषय तिथेच संपतो.

करारात आणखी एक महत्त्वाची अट असते. कुत्रा सांभाळणं जमलं नाही तर तो दुसऱ्या कुणाला परस्पर द्यायचा नाही, संस्थेकडेच परत करायचा. ही अट वाचून सही करा.

कधी कधी संस्थाही अति करतात, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा एकट्या राहणाऱ्यांना सरसकट नकार देतात. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्या संस्थेकडे अर्ज करा, किंवा आधी फोस्टर म्हणून नाव द्या. महिनाभर कुत्रा नीट सांभाळलेल्या माणसाला पुढे नकार मिळणं अवघड असतं.

कोणत्या ब्रीडला कोणता त्रास?

छोटा कुत्रा म्हणजे कमी काम, हा मोठा गैरसमज आहे. जागा कमी लागते एवढंच.

*पग आणि शिह त्झू.* यांचं नाक चपटं असतं. नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मागचा भाग लांब असल्यामुळे श्वास नीट जात नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. ज्याला श्वासच पुरत नाही तो थंड कसा होणार? म्हणून नागपूर-चंद्रपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात आणि मुंबईच्या दमट हवेत, दोन्हीकडे या कुत्र्यांना उष्माघाताचा धोका जास्त. पग घोरतो तेव्हा लोकांना गंमत वाटते, पण ते बऱ्याचदा श्वास अडकण्याचं लक्षण असतं. ब्रिटनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, वर्षभरात एखादा तरी आजार होण्याची शक्यता पगमध्ये इतर कुत्र्यांच्या १.९ पट आढळली.

पगच्या चेहऱ्यावरच्या घड्या रोज कोरड्या पुसाव्या लागतात, नाहीतर तिथे जंतुसंसर्ग होतो. डोळे बाहेर आलेले असल्याने साध्या ओरखड्याचीही जखम होते. डोळा लाल झाला किंवा कुत्रा तो मिटून घेत असेल तर 'उद्या बघू' म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. शिह त्झूचे केस सतत वाढतात. रोज विंचरायला वेळ नसेल तर केस बारीक कापून ठेवा. गुंता झालेल्या केसांखाली कातडी सोलवटलेली असते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

*पॉमेरियन आणि स्पिट्झ.* यांच्या गुडघ्याची वाटी सरकते. चालता चालता मध्येच एक पाय उचलून लंगडी घातल्यासारखी दोन पावलं टाकली, तर ते दाखवून घ्या. श्वासनलिका नाजूक असते, म्हणून गळ्यात पट्टा बांधून ओढण्याऐवजी छातीला बसणारा हार्नेस वापरा. हंस पक्ष्यासारखा कर्कश खोकला येत असेल तर तोही याच नलिकेचा त्रास असू शकतो.

*डॅशहंड.* लांब पाठ, आखूड पाय. मणक्यातली चकती सरकण्याचा धोका या ब्रीडमध्ये खूप जास्त. सोफ्यावरून उड्या आणि जिने यावर बंदी. मागचे पाय अचानक लुळे पडले तर तो तातडीचा प्रसंग आहे, काही तासांचा उशीरही महागात पडतो.

*बीगल.* नाकाचा गुलाम. वास लागला की हाक ऐकू येत नाही, त्यामुळे मोकळ्या जागेत पट्टा सोडायचा नाही. आवाज मोठा आणि भूक त्याहून मोठी.

आणि सगळ्याच छोट्या ब्रीडना दातांचा त्रास. लहान जबड्यात दाटीवाटीने बसलेले दात लवकर किडतात, हिरड्या सुजतात. तोंडाला येणाऱ्या घाणेरड्या वासाकडे 'कुत्र्याचं तोंड असंच असतं' म्हणून दुर्लक्ष करू नका.

ब्रीडिंगमधून सुटलेली मादी घेताय?

हिच्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण पोस्टवरचा 'स्वभाव शांत' हा शब्द इथे फसवा ठरू शकतो. पिंजऱ्यात वर्षानुवर्षं राहिलेली मादी शांत असते कारण ती घाबरून थिजलेली असते. तिला जिना चढता येत नाही, कुकरची शिट्टी माहीत नसते, पट्टा लावला की ती जमिनीला चिकटून बसते. जिथे झोपायचं तिथेच शी-शू करायची सवय तिच्यावर लादलेली असते, त्यामुळे सहा वर्षांच्या कुत्रीला पिल्लासारखं सगळं पहिल्यापासून शिकवावं लागतं.

तब्येतीच्या बाबतीत संस्थेला तीन प्रश्न विचारा. नसबंदी झाली आहे का? न झालेल्या मादीला गर्भाशयात पू होण्याचा आजार होऊ शकतो आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर जीव जातो. स्तनांमध्ये गाठी तपासल्या आहेत का? आणि रक्ततपासणीत गोचीड ताप, किडनी आणि लिव्हर यांचं काय आलं? गोचीड ताप आपल्याकडे सर्रास दिसतो. खाणं सोडणं, ताप, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त येणं ही त्याची लक्षणं.

या माद्या हळूहळू उमलतात. एखादी चौथ्या महिन्यात पहिल्यांदा शेपूट हलवते. तेवढी वाट बघायची तयारी नसेल तर तसं सांगा, संस्था दुसरा कुत्रा सुचवेल. यात कमीपणा काहीच नाही.

घरी आणण्याआधीची तयारी

*सोसायटी.* भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, गृहनिर्माण संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. पण जबाबदारी तुमचीही आहे. कुत्र्याची घाण उचलणं, सार्वजनिक जागेत पट्टा लावणं आणि लसीकरण वेळेवर करणं हे तुम्हालाच करावं लागेल. भाड्याने राहत असाल तर घरमालकाची परवानगी आधीच आणि शक्यतो लेखी घ्या. कुत्रा परत येण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे.

*परवाना.* मुंबई, पुणे यांसारख्या महापालिकांच्या हद्दीत पाळीव कुत्र्याचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी रेबीज लसीचा दाखला लागतो. आपल्याकडे रेबीजची लस दरवर्षी दिली जाते. कुत्रा नवीन असताना घाबरून चावला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. त्यावर हळद-तिखट लावू नका.

*पैसे.* कुत्रा मोफत मिळतो, पण त्याला पाळणं मोफत नसतं. खाणं, दरवर्षीच्या लसी, जंतनाशक, गोचिडांचं औषध, शिह त्झू असेल तर ग्रूमिंग हा ठरलेला खर्च. त्याशिवाय अचानक येणाऱ्या आजारासाठी दर महिन्याला थोडी रक्कम बाजूला टाका. मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय माहीत असू द्या. १८७४ मध्ये स्थापन झालेली प्राण्यांसाठीची जुनी संस्था ते चालवते. रात्री-अपरात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे कुत्रा येण्याआधी शोधून ठेवा.

*वेळ.* दिवाळीच्या आठवड्यात किंवा ढोल-ताशांच्या दिवसांत नवीन कुत्रा आणू नका. फटाक्यांच्या आवाजाने घाबरून पळालेला कुत्रा अजून घराचा रस्ता शिकलेला नसतो.

३-३-३ चा नियम काय आहे?

रेस्क्यूमध्ये काम करणारे एक ठोकताळा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा बिथरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची घडी ओळखू लागतो आणि तीन महिन्यांत हे घर आपलं आहे असं त्याला वाटायला लागतं. हे शास्त्रीय वेळापत्रक नाही, काहींना जास्त वेळ लागतो. पण यामुळे दुसऱ्याच दिवशी 'हा आमच्याशी खेळतच नाही' असं वाटून होणारी निराशा टळते.

पहिल्या आठवड्यात नातेवाइकांना बोलावून कुत्रा दाखवायचा मोह टाळा. त्याला एक कोपरा द्या, तिथे अंथरूण आणि पाणी ठेवा, आणि तो तिथे असताना कुणी त्याला उचलू नका. लहान मुलांना हे नीट समजावून सांगा, कारण छोट्या कुत्र्याला खेळण्यासारखं उचललं जातं आणि मग तो चावतो. चावला की दोष त्याच्या माथी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दार. नव्याने आलेले कुत्रे पहिल्या काही दिवसांतच निसटतात. बाहेर नेताना हार्नेस आणि पट्टा दोन्ही घट्ट आहेत का बघा, आणि गळ्यात तुमच्या फोन नंबरचा बिल्ला पहिल्याच दिवशी अडकवा. मायक्रोचिप असली तरी ती वाचायचं यंत्र रस्त्यावरच्या माणसाकडे नसतं. नंबर मात्र कुणीही वाचू शकतं.

खायला काय द्यायचं?

फोस्टरकडे जे खात होता तेच सुरुवातीला द्या आणि आठवडाभरात थोडं थोडं करून बदला. पोळी-दूध हे आपल्याकडचं जुनं कुत्र्याचं जेवण, पण अनेक मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही आणि नुसत्या पोळीतून पुरेशी प्रथिनंही मिळत नाहीत. घरचं अन्न द्यायचं असेल तर अंडी, चिकन, भात, भोपळा यांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण आणि साखरविरहित च्युइंगममधलं झायलिटॉल हे कुत्र्याला विषारी आहे. म्हणजे मनुका घातलेला प्रसादाचा शिरा आणि रविवारच्या मटणाचा रस्सा, दोन्ही बाद. शिजवलेली हाडंही द्यायची नाहीत, ती फुटून आतडं फाडतात. ताप आला म्हणून घरातलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन तर अजिबात नाही. पाच-सहा किलोच्या कुत्र्याला माणसाची एक गोळी खूप मोठा डोस असते.

वजनाचंही तसंच. सात किलोच्या पगचं वजन एक किलोने वाढलं, तर ते ७० किलोच्या माणसाचं दहा किलोने वाढल्यासारखं आहे. आधीच अडखळणारा श्वास मग आणखी अडखळतो. शेजारच्या काकूंच्या ग्लुकोज बिस्किटांवर प्रेमाने पण ठामपणे बंदी घाला.

आणि नाहीच जमलं तर?

होतं असं. घरात आधीच असलेल्या कुत्र्याशी पटत नाही, घरातलं कुणी गंभीर आजारी पडतं, नोकरी जाते. अशा वेळी आधी संस्थेला फोन करा. भुंकणं, घरात शू करणं, एकटेपणाची भीती अशा बऱ्याच गोष्टींवर त्यांच्याकडे उपाय असतात. तरीही मार्ग निघाला नाही तर कुत्रा त्यांच्याकडेच परत करा. परत करणं वाईट वाटतं, पण करारात ती सोय त्यासाठीच ठेवलेली असते. फेसबुकवर 'कुणाला हवाय का?' टाकून पहिल्या येणाऱ्याला दिलेला कुत्रा पुन्हा त्याच ब्रीडरच्या पिंजऱ्यात जाऊ शकतो.

कायमचं घर देणं आत्ता शक्य नसेल, तर फोस्टर व्हा. एक कुत्रा दोन आठवडे तुमच्याकडे राहिला की संस्थेकडे दुसऱ्या कुत्र्याला सोडवायला जागा होते. तेही जमत नसेल तर एखाद्याच्या औषधाचा खर्च उचला, किंवा दवाखान्यात न्यायला गाडी द्या.

पिल्लांना घर पटकन मिळतं. सहा-सात वर्षांच्या कुत्र्यांच्या पोस्ट मात्र महिनोन्‌महिने फिरत राहतात, कारण 'आता किती दिवस जगणार' असं लोकांना वाटतं. छोट्या ब्रीडचं आयुष्य धरलं तर सहा वर्षांच्या कुत्रीकडे अजून सहा-आठ वर्षं शिल्लक असतात. पुढच्या वेळी तशी पोस्ट दिसली, तर शेअर करण्याआधी एकदा घरातल्या सगळ्यांना बसवून विचारा.